माळ मागितली, माळ मिळाला

पूर्वी कृतयुगात, पृथ्वी पाण्यातून नुकती वर आली होती, डोंगरांच्या कडा अजून ओल्या होत्या आणि नद्यांना आपापल्या वाटा सापडायच्या होत्या, त्या काळी एक आटपाट माळ होता. नगर नव्हे, माळच. त्या माळावर करव नावाचा पक्षी आणि आनका नावाची त्याची पत्नी अशी दोघं राहत होती. करव बोलायला उतावळा, आनका ऐकायला पक्की. दोघं कधी एकमेकांना सोडून दिसली नाहीत, म्हणून पुढं लोकांनी दोन नावांचं एकच नाव केलं, करवानक. पण ती माळावर आली कशी ते आधी सांगायला हवं, कारण हौसेनं काही ती तिथं आली नव्हती.

त्याचं असं झालं. सृष्टीची घडण आटोपल्यावर कमलासन, चतुरानन, सकळ चराचराचा पितामह ब्रह्मदेव मेरूच्या पायथ्याशी बसला आणि त्यानं पाखरांना घरं वाटायला घेतली. डाव्या अंगाला वीणा मांडीवर घेऊन शुभ्रवसना सरस्वती बसली होती. पाखरांची रांग तर अशी लागली होती, की मेरूला जणू पिसांचा पदर आला. राजहंसाला सरोवर मिळालं, पारव्याला कडेकपारी मिळाल्या, सुगरणीला पाण्यावर झुकलेली बाभळ मिळाली. ज्यानं जे मागितलं ते त्याला मिळत होतं.

रांगेत आनका नवऱ्याला पढवत होती. "अहो, वड मागा. वडाची फांदी. काय मागायचं?"

"वड."

"आणि नदीकाठचा म्हणा. नुसता वड म्हणाल तर कुठला तरी पदरात पडेल."

"मला काय बोलता येत नाही का?"

"बोलता येतं हो. तेवढीच भीती वाटते."

तेवढ्यात त्यांच्या पुढचा पोपट मागं वळला. ढोली तर त्याला मिळालीच होती, वर ब्रह्मदेवानं कौतुकानं गळ्याभोवती गुलाबी कंठा रेखून दिला होता. पोपट मान अशी वळवत होता, जशी नवी नवरी पाटल्या दिसाव्यात म्हणून उगाच पदर सावरते. करवाचे डोळे त्या कंठ्यावर खिळले. वड गेला, फांदी गेली, नदीही वाहून गेली. आपल्या उघड्या मानेखेरीज त्याला काही सुचेना.

सूर्यबिंब अस्ताला टेकलं होतं. दिवसभर वर देऊन देऊन थकलेला पितामह म्हणाला, "वत्सा, संध्याकाळ समीप आली. संकोच सोड आणि माग. तुला काय देऊ?"

करव म्हणाला, "माळ द्या, देवा!"

"तथास्तु!"

आणि कमंडलूतल्या पाण्याचा थेंब पडला तो सह्याद्रीच्या पूर्वेला, जिथं झाड नाही, झुडूप नाही, नुसता कुसळीचा आणि धोंड्यांचा माळ पसरला होता, तिथं. आता बघा, 'माळ हवी' म्हणाला असता तर गळ्यात पडली असती. 'माळ द्या' म्हणाला आणि माळ गळ्यात पडला. एवढ्याशा शब्दानं पाखराचा संसार उन्हात आला.

करव धावत पुढं झाला. "देवा, देवा! मी गळ्यातली म्हणत होतो! फुलांची! मोत्यांची असती तरी चाललं असतं!"

ब्रह्मदेव म्हणाला, "वत्सा, माझ्या मुखातून तथास्तु निघालं, ते पर्वतानं ऐकलं, समुद्रानं ऐकलं. दिलेलं दान मीच परत घेऊ लागलो, तर उद्या सूर्यही आपलं तेज परत मागेल. माळ तुझा झाला."

आनका पंख मिटून नवऱ्यामागं उभी राहिली. तिची सरस्वतीला दया आली. ती म्हणाली, "करवा, शब्द हे दोन दारांचं घर आहे. तू एका दारावर थाप मारलीस आणि उघडलं दुसरंच. परंतु पहिलं दार काही भिंत झालेलं नाही. मिळालेला माळ ज्या दिवशी तू मनापासून आपला म्हणशील, त्या दिवशी मागितलेली माळही तुझ्या घरी चालत येईल."

"चालत?" करवानं विचारलं. पण वीणेचा झंकार झाला आणि सभा उठली.

दोघं माळावर आली. तो माळ कसा होता म्हणाल, तर ना वृक्ष, ना वल्ली, ना निर्झराचा नाद. मध्यान्ही जमिनीतून अशी झळ उठे की दूरचे डोंगर पाण्यात बघावेत तसे हलत. पावसाळ्यात चार दिवस गवत डुले, मग कुसळं पायांत रुतत. आणि मध्यभागी तर नुसता उघडा मुरूम, त्यात काळे धोंडे, जणू कुणी डोंगर चाळला आणि चाळणीत उरलं ते इथं ओतलं. तिथं गवताची काडी उगवत नसे आणि किडामुंगीही फिरकत नसे. दुष्काळाच्या एका सालात करव तिथं अन्न शोधत कित्येक रात्री उपाशी हिंडला होता. त्या जागेचा कोपरान् कोपरा त्याच्या रिकाम्या पोटाला पाठ झाला होता.

ओढ्याकाठची टिटवी अधूनमधून येई आणि लांबूनच विचारी, "काय करवभावजी, माळ शोभतेय हो गळ्यात!"

करव मान फिरवी. आनका म्हणे, "शोभतेय तर! तुमच्याकडं एवढी मोठी असती तर मान मोडली असती."

टोमण्यांचं काही नव्हतं, दुःख निराळंच होतं. आनका अंडी घाली ती दुधासारखी पांढरी. त्या काळी त्यांची अंडी तशीच होती. काळ्या मुरमावर पांढरं अंडं म्हणजे अमावास्येला चंद्र उगवल्यासारखं. घारीला ते आकाशातून दिसे. एकदा घारीनं नेली, एकदा मुंगसानं फोडली, एकदा बुजलेल्या हरणांचा कळप वरून गेला. आनका रडली नाही, पण अंडी गेल्यावरही ती त्याच रिकाम्या जागेवर अंग फुलवून बसून राही. करव जवळ येऊन म्हणे, "ऊठ गं." ती म्हणे, "ऊब आहे अजून. निवली की उठते." मग करवाला आपली जीभ तोडून टाकावीशी वाटे. माळाला तो कधी आपला म्हणाला नाही. 'हा माळ', 'तो माळ', 'मेला माळ', एवढंच म्हणे.

त्याच माळावर, त्या उघड्या मुरमाच्या एका कडेला, स्थाणुव्रत नावाचे एक महातपस्वी मुनी बसले होते. या तहानलेल्या भूमीला पाझर फुटावा म्हणून त्यांनी उग्र व्रत धरलं होतं, की एक तप पुरं होईपर्यंत हलायचं नाही. ना हात, ना पाय, ना पापणी. उन्हानं त्यांची कांती काळवंडली, वाऱ्यानं धूळ बसवली, पावसानं शेवाळ चढवलं, आणि ते पुण्यपुरुष धोंड्यांमधला एक धोंडा होऊन गेले.

गुरं वळणारी भानाई तिकडून गेली तेव्हा तिला एक धोंडा मांडी घातल्यासारखा वाटला. "अगं बया, हा तर देव दिसतो!" म्हणत तिनं त्याला शेंदूर लावला. पुढच्या खेपेला आली तर पावसानं शेंदूर धुऊन नेलेला. आता त्यातला कुठला, ते काही आठवेना. भानाई पदर खोचून म्हणाली, "एकाला लावावा आणि दुसरा रुसावा, त्यापेक्षा सगळ्यांनाच लावते. त्यातला एखादा तरी खरा निघेल." आणि तिनं झाडून सगळ्या धोंड्यांना शेंदूर फासला. फासला तो असा, की पुढं पावसालाही निघाला नाही. माळावर देवच देव झाले.

आनकेला पुन्हा दिवस भरत आले. या खेपेला आडोसा हवा म्हणून ती हिंडत होती. एका धोंड्याच्या कुशीत तिला वाटीएवढी जागा सापडली, सावलीची, वाऱ्याआडची. तिथं तिनं दोन अंडी घातली. संध्याकाळी करव बघायला आला आणि ताडकन मागं सरला.

"अगं, हा धोंडा श्वास घेतोय!"

"घेऊ द्या."

"अगं, हा ऋषी आहे! ही कूस नव्हे, गुडघा आहे त्याचा! उठला आणि शाप दिला तर?"

"व्रत धरून बसलेत ते. तप पुरं झाल्याशिवाय उठायचे नाहीत, तोवर पिल्लं बाहेर येतील. आणि श्वास घेणाऱ्या माणसापाशी घार उतरत नाही. मी बघून ठेवलंय." मग हळूच म्हणाली, "मला आता रिकाम्या जागेवर बसायचं नाही हो. बळ उरलेलं नाही."

करव पुन्हा जवळ आला. दोघं आळीपाळीनं अंडी उबवू लागली.

पण या तपाचा वैरी दुसराच होता. ज्वालाकेश नावाचा एक असुर पश्चिमेच्या कातळात राहत असे. त्याचे केस अग्नीचे होते आणि आहार वाळक्या भूमीचा. जिथं पाझर फुटे तिथं त्याची उपासमार होई. तप पुरं व्हायला एकच रात्र उरली, तेव्हा तो चवताळून उठला. त्याच्या पावलांनी गवत पेटलं, त्याच्या श्वासानं धुराचे लोट उठले, त्याच्या केसांच्या उजेडात आकाश तांबडं झालं.

"अरे स्थाणुव्रता!" तो गर्जला. "माझ्या मुखातला घास काढून या माळाच्या मुखात पाणी घालू पाहतोस काय? या धोंड्यांत कुठं लपला आहेस ते सांग! तू हललास की तुझं तप भंगलं, आणि न हललास तर एकेक धोंडा मी चुरून काढीन!"

मुनी हलले नाहीत. असुर मुरमाच्या कडेला आला, शेंदूर फासलेला एक धोंडा दिसताच म्हणाला, "हा दिसतो पूजेतला, हाच तो!" आणि त्यानं लाथ मारली. धोंडा निघाला. दुसऱ्यालाही शेंदूर. तोही धोंडाच. तिसरा, चौथा... असुराचा अंगठा ठेचकाळला. तो ओरडला, "अरे, या माळावर देव किती आहेत रे! माणसं कमी आणि देव जास्ती!"

एकेक धोंडा लाथाडत तो मुनींच्या दिशेनं सरकू लागला. मुनींच्या गुडघ्याशी आनका बसली होती. उडाली असती तर जीव वाचला असता, पण त्या उजेडात पांढरी अंडी लखकन दिसली असती. तिनं पंख पसरून ती झाकली, मान लांब केली आणि जमिनीला टेकवली. साष्टांग नमस्कारच तो, पण उठण्याची घाई नसलेला. ठिणग्या पिसांवर पडत होत्या, जिथं पडत तिथं काळपट रेघ उमटे. तिनं पापणीसुद्धा मिटली नाही, कारण मिटल्यावर उघडायची म्हणजे हालचाल आली.

करव दूर गवताच्या कडेला होता. त्यानं असुराची पावलं बघितली आणि ती कुठं पोचणार ते बघितलं. धावून जावं तर असुराला जागा कळणार. गप्प बसावं तर कळायला वेळ लागणार नाही. त्या क्षणी त्याला वड आठवला नाही, कंठा आठवला नाही. या माळाचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक घळ, प्रत्येक धोंडा त्याच्या डोळ्यांपुढं उभा राहिला आणि त्याच्या तोंडून आरोळी निघाली.

"ए जळक्या! माझ्या माळावर कोण आलं आहे न विचारता?"

असुर गर्रकन वळला. "कोण तू?"

"मी या माळाचा धनी! ब्रह्मदेवानं मला दिला आहे! चार मुखांनी तथास्तु म्हणाला आहे, विचार जाऊन!"

"मुनीच बोलतोय!" असुर म्हणाला. "आवाज बदलून मला चकवतोस काय?" आणि तो आवाजामागं धावला.

करव उडाला नाही. उडाला असता तर उजेडात दिसला असता. तो मान खाली घालून पायांनी धावला, सावलीसारखा, धोंड्याआडून धोंड्याआड. इथं ओरडे, असुर तिथं पोचेतो पलीकडून ओरडे. पुन्हा थांबे, पुन्हा पळे. असुर ज्या गवतावरून गेला ते जळून गेलं, आणि परत फिरला तेव्हा मागं फक्त राख. मग करवानं त्याला माळाच्या पार मध्यावर, मुनींपासून लांब, त्या मुरमाकडं वळवलं जिथं तो दुष्काळात रात्र रात्र उपाशी हिंडला होता. जिथं आपल्याला काही मिळालं नाही तिथं यालाही काही मिळायचं नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं.

ज्वालाकेश मुरमाच्या मधोमध आला आणि त्याच्या केसांची धग मंदावली. पुढं मुरूम, मागं राख. खायला काडी नाही. तो परत फिरू लागला तर पायांत बळ उरलं नाही. "गवत!" तो ओरडला. "अरे, एक काडी तरी!"

धोंड्याआडून करव म्हणाला, "मीही इथं हेच म्हणत होतो."

पूर्वेला तांबडं फुटलं. पहाटेच्या दवानं त्या असुराची शेवटची ज्योत विझली आणि तो महाकाय देह काळ्या कातळाचा ढीग होऊन पडला.

इकडं स्थाणुव्रत मुनींचं तप पूर्ण झालं. त्यांनी डोळे उघडले. गुडघ्याशी एक पाखरू मातीला चिकटून बसलं होतं. मूळचा पिवळट मातकट रंग, त्यावर ठिणग्यांच्या काळपट रेघा. रात्रभर न मिटलेले डोळे मोठे झाले होते आणि आगीचा पिवळा रंग त्यांत कायमचा उतरला होता.

मुनी मृदू वाणीनं म्हणाले, "कन्ये, पंख असून तू उडाली का नाहीस?"

आनका म्हणाली, "उडाले असते तर अंडी दिसली असती, महाराज. आणि तुम्हीसुद्धा."

"यात आधी कोण?"

आनकेनं अंड्यांकडं बघितलं, मग मुनींकडं. पण ऋषीपुढं खोटं कसं बोलायचं? "अंडी," ती म्हणाली.

एक तप न हललेले ते ओठ हसले. शेवाळ गळून पडलं. करवही धापा टाकत, राखेनं माखलेला, येऊन उभा राहिला. मुनी म्हणाले, "हे पक्षिदंपती, तुम्ही माझं तप राखलंत, त्यातलं अर्धं तुमचं. माझी निश्चलता तुम्हाला दिली. तुम्ही मान टेकून बसलात की पायाशी आलेल्या शिकाऱ्यालाही माती आणि तुम्ही यांत भेद दिसणार नाही. माझ्या गुडघ्याला टेकून तुम्ही संसार मांडलात, म्हणून तुमचे गुडघे बळकट होतील आणि पंखांआधी पाय तुम्हाला तारतील. तुमची अंडी आजपासून या माळाच्या दगडागोट्यांच्या रंगाची होतील, घारीच्या डोळ्याला ती खडेच वाटतील. आणि करवा, ज्या रात्री तू माळाची राखण केलीस, ती रात्र तुझी. दिवसा विसावा घे, सांज झाली की या भूमीवर तुझा आवाज फिरेल."

आनकेनं पंख उचलून बघितलं. पांढरी अंडी मातीच्या रंगाची झाली होती, काळ्या ठिपक्यांची. तिची तिलाच ती पटकन दिसेनात.

"महाराज," करव म्हणाला, "आता उठा. अंग अवघडलं असेल."

"उठू कसा? अंडी उबायची आहेत," मुनी म्हणाले. "एक तप बसलो, आणखी थोडं बसतो."

आणि खरोखरच ते बसले. ज्या दिवशी अंड्यातून टकटक ऐकू आली, त्या दिवशी आकाशात वीणेचा झंकार झाला आणि हंसवाहिनी सरस्वती माळावर उतरली. तिच्या हातात मोत्यांची माळ होती, पोपटाचा कंठा तिच्यापुढं काहीच नव्हता.

"करवा, असुरापुढं तू माळ आपला म्हणालास. पहिलं दार उघडलं आहे. ही घे तुझी माळ."

करवानं माळेकडं बघितलं. आनका म्हणाली, "घ्या की. इतकी वर्षं नुसती उघडी मान वळवताय."

करवानं मान पुढं केली, पुन्हा मागं घेतली. "देवी, फार सुंदर आहे. पण चमकते. मान जमिनीला टेकली की आधी हीच दिसेल, मग आनका दिसेल, मग अंडी." त्यानं माळावरून नजर फिरवली. "मला माळ आवडला. तो काढून नाही ना घेणार?"

सरस्वती हसली. "माळ 'चालत येईल' म्हणाले होते मी, हे विसरलास. मोती चालत नाहीत."

तेवढ्यात एक कवच फुटलं. मग दुसरं. मातीच्या रंगाची दोन पिल्लं बाहेर आली, ओली अंगं झटकली आणि लगेच उभी राहिली. मुनी हलकेच उठले, आणि ते उठले त्या जागी मुरूम ओला झाला, पाणी झिरपलं, बारीकसा पाझर वाहू लागला.

पिल्लं पाण्याकडं निघाली. पुढं करव, मागं आनका, मध्ये एकामागं एक ती दोघं. टिटवी टोमणा मारायला आली होती, तिनं बाजूला होऊन वाट दिली.

चालता चालता आनका मागून म्हणाली, "अहो, बघितलंत का? आपली माळ दोनच मण्यांची आहे."

"असू दे," करव म्हणाला. "बाईच्या गळ्यातल्या काळ्या पोतीतसुद्धा दोनच वाट्या असतात. संसार त्यावरच चालतो."

म्हणून आजही दिवसा माळ तुडवत गेलात तरी करवानक दिसत नाही, आणि सांज झाली की त्याच माळावरून हाका येतात, इथून एक, तिथून एक. घरटं ती बांधत नाहीत. सगळा माळच त्यांचं घर, आणि दिवेलागणीला मायबापांच्या मधून पिल्लं पाण्याला निघतात. अशी करवानकांच्या घरी माळही आली आणि माळही राहिला.